आठची गोळी चुकत नाही, मग बीपीची का चुकते?

एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या. एआरटी सेंटरवर त्या मोजतात. मागच्या खेपेला तीस दिल्या असतील आणि आज अठ्ठावीस दिवस झाले असतील, तर डबीत दोन उरायला हव्यात. चार उरल्या, तर समोरच्याला विचारायचं, "या दोन कुठल्या दिवशीच्या?" बीड जिल्ह्यातल्या एका सेंटरवर मी काही वर्षं समुपदेशक होते आणि माझा अर्धा दिवस या मोजणीत जायचा. लोक लाजायचे, कधी चिडायचे, पण रात्री आठची गोळी चुकवायचे नाहीत. वरातीतून बाजूला होऊन घ्यायचे. एसटीत डबी वाजू नये म्हणून आत कापूस कोंबायचे, वरचं लेबल खरवडून टाकायचे, पण घ्यायचे.

त्याच लोकांच्या पिशवीत कधीकधी ॲम्लोडिपिनची, म्हणजे बीपीच्या गोळ्यांची, स्ट्रिप निघायची. दहा गोळ्यांची, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली आणि तिच्यात अजून सहा शिल्लक. एका मावशींना मी विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, "डोकं धरलं की घेती की मॅडम. रोज कशाला?" मावशी बावन्न वर्षांच्या. नवरा २००७ मध्ये गेला, पुढच्या वर्षी यांची एआरटी सुरू झाली. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, कित्येक वर्षं 'आढळला नाही' असाच येतो. गोळी वेळेवर कशी घ्यावी हे नव्या पेशंटला शिकवायला मी त्यांनाच बोलवायचे. त्या दिवशी त्यांचं बीपी भरलं १७२/१०४.

त्या सहा गोळ्या का उरतात, आणि उरल्या तर एचआयव्ही असलेल्या माणसाचं नुकसान इतरांपेक्षा जास्त का होतं, ते इथं सांगायचंय.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत सापडला. सरकारनं मोफत एआरटी सुरू केली ती १ एप्रिल २००४ ला, तीसुद्धा मोजक्या मोठ्या रुग्णालयांत. मधल्या काळात आपल्याकडं किती तरुण माणसं टीबीनं, जुलाबानं वाळून गेली हे ज्यांनी पाहिलंय ते पुन्हा आठवायला तयार होत नाहीत. मग संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथं सेंटर झाली आणि चित्र पालटलं. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत, त्यातले जवळपास ४ लाख महाराष्ट्रात. लातूरजवळच्या हासेगावच्या सेवालयात एचआयव्हीसह जी लेकरं वाढली, ती फार जगणार नाहीत असं एकेकाळी लोक धरून चालले होते. त्यांतल्या कित्येकांची आता लग्नं झालीत.

माणूस जगला की वय वाढतं, आणि वय वाढलं की बीपी येतं. गोष्ट इतकीच असती तर वेगळं लिहायची गरज नव्हती. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली, तर एचआयव्ही असलेल्या प्रौढांपैकी साधारण चौघांत एकाला उच्च रक्तदाब निघतो. हे प्रमाण इतर लोकांपेक्षा फार वेगळं वाटणार नाही. फरक पुढं पडतो. एचआयव्ही असलेल्या माणसाला हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. त्यात बीपी मिसळलं की ते आगीत तेल.

दाब म्हणजे नेमकं काय

ठिबक ज्यांच्या शेतात आहे त्यांना हे लवकर कळतं. बोअरची मोटर चालू झाली की पाणी मेन लाइनमधून सबलाइनला आणि तिथून लॅटरलला जातं. पाइपच्या भिंतीवर पाण्याचा रेटा पडतो, तो दाब. आपली मोटर म्हणजे हृदय, पण ती सलग चालत नाही, ठोक्याठोक्यानं चालते. ठोका पडतो तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. १२०/८० च्या आसपास असलं की बरं. वेगवेगळ्या दिवशी, नीट बसून मोजल्यावरही वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढं जात असेल, तर आपल्याकडं त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्हीपैकी एक वाढला तरी पुरे. साखरेचा किंवा किडनीचा आजार सोबत असेल, तर डॉक्टर १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात.

पाइप नवा आणि लवचीक आहे तोवर जास्त दाब खपून जातो. आत क्षार धरला, पाइप कडक झाला, की तेवढंच पाणी पोचवायला मोटरला जास्त जोर लावावा लागतो. मोटर तापते, फिल्टर चोंदतो, एखाद्या दिवशी जोड सुटतो. शरीरात मोटर तापली म्हणजे हृदय थकलं. फिल्टर म्हणजे किडनी. जोड मेंदूत सुटला, की आपण म्हणतो 'अंगावरून वारं गेलं'. आणि हे सगळं गुपचूप होतं. डोकं दुखणं, चक्कर, घाम ही बीपीची खूण आहे असं जवळजवळ प्रत्येक घरात मानतात, पण १७२ वर असलेला माणूस निवांत बाजार करून येतो. मावशींचं डोकं ज्या दिवशी दुखत नव्हतं त्या दिवशीही आतली मोटर तापतच होती. डोकं दुखल्यावर बीपीची गोळी घेणं म्हणजे पाइप फुटल्यावर स्टार्टर बंद करायला पळणं.

ठिबकची उपमा इथवरच चालते. पाइप निर्जीव असतो. रक्तवाहिनीला मात्र आतून जिवंत अस्तर असतं, ते स्वतः एक वायू तयार करतं आणि वाहिनीला सैल व्हायला सांगतं. एचआयव्ही नेमका या अस्तराला त्रास देतो.

राखेखालची धग

हा सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, म्हटलं की आपल्याला रक्ताचा रिपोर्ट आठवतो. पण या पेशींचा मोठा साठा रक्तात नसतो, आतड्याच्या अस्तरात असतो. आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, त्यांनी पलीकडं रक्तात घुसू नये म्हणून तिथं हा पहारा. एचआयव्ही शरीरात आला, की पहिल्या काही आठवड्यांतच तो या पहारेकऱ्यांना मारतो. माणसाला तेव्हा कळतही नाही, साधा ताप येऊन जातो. पुढं एआरटी सुरू होते, विषाणू दबतो, रक्तातला सीडीफोर चढतो. आतड्यातला बांध मात्र पूर्वीसारखा पक्का होत नाही. फुटलेला बांध पुन्हा घातला तरी वर्षानुवर्षं पाझरतो, तसं. जंतूंचे बारीक तुकडे रक्तात झिरपत राहतात आणि प्रतिकारशक्तीला वाटतं, हल्ला चालूच आहे.

मग ती कायम सावध असते. मोठा जाळ नाही, राखेखाली धग. व्हायरल लोड 'आढळला नाही' असला तरी ती पूर्ण विझत नाही. वर्षानुवर्षं या धगीनं रक्तवाहिनीचं अस्तर खराब होतं, वाहिनी कडक होते, चरबीचे थर लवकर धरतात. दाबावर लक्ष ठेवणाऱ्या किडनीच्या यंत्रणेतही बिघाड होतो, आणि ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लागते.

ज्यांची एआरटी उशिरा सुरू झाली त्यांच्यात ही धग जास्त. आणि उशीर बऱ्याचदा माणसाचा नव्हताच. सुरुवातीच्या वर्षांत साधारणपणे सीडीफोर २०० च्या खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. ती मर्यादा हळूहळू वर सरकत गेली आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच गोळी, असा नियम आला. आज पन्नाशीत असलेले आपल्याकडचे बहुतेक जुने पेशंट त्या आधीच्या नियमातले आहेत. त्यांच्या आतड्यांनी जास्त सोसलंय.

दुसरं कारण वजन. याबद्दल बोलताना डॉक्टरांची आणि पेशंटची गाठ कुठं बसते तेच कळत नाही. डॉक्टर म्हणतात, आठ किलो वाढलंय, कमी करा. पेशंटला ते आठ किलो म्हणजे चिलखत वाटतं. ज्या गावात वाळलेला माणूस दिसला की लोक कुजबुजायचे, त्या गावात अंगावर मांस असणं म्हणजे संशयातून सुटका. "तब्येत सुधारली तुमची" हे वाक्य ऐकण्यासाठी माझ्या ओळखीच्या एका ताईंनी वर्षभर रोज रात्री दूध-केळी खाल्ली. त्यांना वजन कमी करा म्हणणं म्हणजे पुन्हा त्या कुजबुजीत जा म्हणण्यासारखं. हे समजून न घेता दिलेला सल्ला कुणी पाळत नाही.

आणि वजन फक्त दूध-केळ्यांनी वाढत नाही. आता सरकारी सेंटरवर बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्यूटेग्रॅविर, तिन्ही एकाच गोळीत. औषध उत्तम. विषाणू झपाट्यानं दबतो, त्रास कमी. पण डोल्यूटेग्रॅविरवर काही लोकांचं, विशेषतः बायकांचं, वजन वाढतं हे आफ्रिकेतल्या मोठ्या चाचण्यांत स्पष्ट दिसलं. काही अभ्यासांत बीपीही थोडं चढलेलं दिसतं, त्यात गोळीचा वाटा किती आणि वजनाचा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. म्हणून काट्यावर पाय ठेवला, की त्याच दिवशी बीपीचा पट्टाही बांधून घ्यावा. कुणी बांधला नाही तर मागावा.

इथं एक भीती हमखास डोकं वर काढते. "मग ही एआरटीच बंद केली तर?" याचं उत्तर २००६ सालीच मिळालंय. स्मार्ट नावाच्या चाचणीत ५,४७२ लोक होते. निम्म्यांना गोळ्या सलग दिल्या, निम्म्यांच्या सीडीफोर चांगला असेपर्यंत बंद ठेवल्या. गोळ्यांना सुट्टी दिली तर दुष्परिणाम कमी होतील, हृदय वाचेल, असा कयास होता. झालं उलटं. बंद ठेवलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले आणि हृदयाचे त्रासही जास्त. विषाणू मोकळा सुटला की धगीचा वणवा होतो. बीपीच्या भीतीनं एआरटी थांबवणं हा या सगळ्यातला सगळ्यात महागात पडणारा निर्णय.

दोन डबे, एक पोट

आता गोळ्यांचं एकमेकींशी कसं जमतं ते पाहू. सरकारी दवाखान्यात बीपीसाठी बहुतेक वेळा तीन औषधं दिसतात: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. टीएलडी घेणाऱ्याला या तिन्हींची अडचण येत नाही, त्या सोबत घेतल्या तरी चालतात. पुष्कळ जण दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायचे, कारण कुणीतरी सांगितलेलं. गरज नाही. अंतर लागतं ते पित्ताच्या पातळ औषधांना. ती डोल्यूटेग्रॅविरला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी.

पण ज्यांची पहिली औषधं चालेनाशी झाली आणि जे दुसऱ्या फळीवर आहेत, त्यांच्या गोळ्यांत रिटोनाविर असतं. अटाझानाविर, लोपिनाविर किंवा दारुनाविर यांच्या सोबतीला ते दिलेलं असतं. त्याचं कामच औषध मोडणाऱ्या लिव्हरचा हात धरून ठेवणं, म्हणजे जोडीचं औषध रक्तात जास्त वेळ टिकतं. ते फक्त आपल्या जोडीदाराला टिकवत नाही, ॲम्लोडिपिनलाही टिकवतं. पाच मिलिग्रॅमची गोळी दहासारखी वागायला लागते, पाय सुजतात, उठताना अंधारी येते. म्हणून अशा माणसाला कमी मात्रेनं सुरुवात करतात. सांधेदुखीसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतानाही हीच अडचण, रिटोनाविरमुळं ते महिनाभर अंगात रेंगाळू शकतं आणि बीपी, साखर दोन्ही चढवतं. टीबीच्या रिफाम्पिसिनचं नेमकं उलटं. ते लिव्हरला इतकं पळवतं, की ॲम्लोडिपिन काम करायच्या आत निघून जातं. टीबीचा कोर्स चालू असताना बीपी हाताबाहेर गेलं तर दोष पेशंटच्या खाण्याला देण्याआधी हे पाहावं.

मूल हवं असलेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईनं टेल्मिसार्टन घ्यायची नाही. गर्भाच्या किडनीला ती घातक आहे. तिच्यासाठी लॅबेटॅलॉलसारखी दुसरी औषधं आहेत. हे डॉक्टरांना माहीत असतं, पण चाळीस पेशंटच्या रांगेत विचारायचं राहून जातं, तेव्हा आपण सांगावं.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती एका वेगळ्याच गोळीची. अंगदुखीची. दिवसभर कापूस वेचून किंवा खुरपून आलेली बाई रात्री काय घेते? मेडिकलवरून सुटी आणलेली डायक्लोफिनॅक, नाहीतर गावातल्या डॉक्टरकडून 'एक सुई'. कुणी विचारलं तर ती म्हणते, मी कसलीच गोळी घेत नाही. तिच्या लेखी ती गोळी नसतेच, ती भाकरीसोबतची मिरची. ही वेदनाशामकं शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनचा जोर कमी करतात. त्यात एआरटीतलं टेनोफोविर. ते किडनीतून बाहेर पडतं आणि काहींच्या किडनीला त्रास देतं. आधीच बीपीनं चोंदत चाललेला फिल्टर, त्यात टेनोफोविर, त्यात डायक्लोफिनॅक, वर मे महिन्यातलं ऊन आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. किडनी काही दिवसांत बसू शकते. दुखणं खरं आहे, ते सोसा असं मी म्हणणार नाही. साधी पॅरासिटामॉल चालते, तीही मर्यादेत. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, तेही बीपी चढवतं. आणि खोकल्याला रोज चघळायचं जेष्ठमध सुद्धा. झाडपाल्याचं औषध बाधत नाही असं म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण मी नेहमी देते.

म्हणून क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची, तपासणी सहा महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. डोल्यूटेग्रॅविरमुळं हा आकडा किंचित वर दिसतो, किडनी चांगली असूनही. तेवढ्यानं घाबरायचं नाही. दर वेळी वरवर सरकत असेल, तर विचारायचं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दलही आता विचारावं. २०२३ मध्ये रिप्रीव्ह नावाच्या चाचणीचा निकाल आला. भारतासह बारा देशांतले ७,७६९ लोक, सगळे एचआयव्ही असलेले, वय ४० ते ७५, हृदयाचा धोका फार मोठा नसलेले. ज्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिली, त्यांच्यात हार्ट अटॅक, लकवा यांसारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. प्रत्येकानं ती घ्यावी असं नाही. चाळिशी ओलांडली असेल तर 'मला लागते का' एवढं विचारायला हरकत नाही. स्वतः मेडिकलवर जाऊन मात्र घेऊ नये, कारण रिटोनाविरसोबत सिम्व्हास्टॅटिनसारखी काही स्टॅटिन धोकादायक ठरतात.

खाण्याचं थोडक्यात. दिवसाला एका माणसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. आपल्या ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं, ही मोठी जमेची बाजू. घात करतात ते तिच्या शेजारचे: ठेचा, लोणचं, पापड, खारातली मिरची, चहासोबतचं फरसाण. सैंधव मीठही मीठच आहे, उपवासाला चालतं म्हणून बीपीला चालत नाही. नवरात्रात भगरीवर आणि वेफर्सवर नऊ दिवस काढणाऱ्यांचं बीपी दसऱ्याला मोजून बघा. तंबाखू आणि मिसरी याबद्दल वेगळं सांगायला नको, पण मिसरीला तंबाखू न मानणाऱ्या बायका मला रोज भेटायच्या. "नुसती दाताला लावती" असं म्हणायच्या. हिरडीतून निकोटिन रक्तात जातंच.

मोजताना

चुकीचं मोजलेलं बीपी न मोजल्याइतकंच निरुपयोगी. एसटीतून उतरून, जिना चढून, धापा टाकत खुर्चीत बसल्या बसल्या पट्टा बांधला तर कुणाचंही वाढलेलं येईल. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि गप्प. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. लघवी दाबून बसलात तरी आकडा चढतो. साडीचा जाड बाह्या असलेला ब्लाउज असेल तर पट्टा त्याच्यावरून बांधू देऊ नका. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून घ्या. 'नॉर्मल आहे' किंवा 'थोडं वाढलंय' हे उत्तर घेऊन उठायचं नाही.

१८०/१२० च्या पुढं आकडा आणि सोबत छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, बोबडी वळणं, डोळ्यांपुढं अंधार यातलं काहीही असेल, तर लिंबू-सरबत नको, १०८ ला फोन.

कुणाला सांगायचं

गोळ्या उरण्यामागचं खरं कारण मला फार उशिरा कळलं. माझ्या लोकांच्या दोन रांगा होत्या. एक एआरटीची, जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी, गावापासून लांब, मुद्दाम लांब. दुसरी बीपीची, गावच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडं, जिथं सगळे ओळखीचे. एआरटीच्या रांगेत बीपीबद्दल बोलायचे नाहीत, कारण ते किरकोळ वाटायचं. बीपीच्या रांगेत एआरटीबद्दल बोलायचे नाहीत, कारण ते फार मोठं वाटायचं. दोन्हीकडच्या डॉक्टरांना अर्धाच माणूस दिसायचा. आणि एआरटीच्या गोळ्या मोजायला मी होते, बीपीच्या मोजायला कुणीच नव्हतं. तीस वेळा न चुकता एक गोळी घेणारा माणूस आळशी नसतो. दुसऱ्या गोळीचा हिशेब त्याला कुणी मागत नाही, एवढंच.

गावच्या डॉक्टरला एचआयव्हीबद्दल सांगा असा उपदेश मी कुणाला केला नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ मध्ये झाला, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कुणाला त्याची स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही, डॉक्टरला ती फोडता येत नाही, आणि या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. कायदा चांगला आहे. पण ज्या दवाखान्याच्या ओसरीवर आपला चुलता बसलेला असतो, तिथं कायदा पुस्तकातच राहतो हे मलाही माहीत आहे.

मग मी उलटी वाट सांगायला लागले. एआरटीची गोष्ट गावच्या बीपीच्या दवाखान्यात न्यायचं जमत नसेल, तर बीपीची स्ट्रिप एआरटी सेंटरला घेऊन या. तिथं लपवायचं काही नाही. एका पिशवीत सगळं आणा: बीपीची, साखरेची, पित्ताची, अंगदुखीची, काढ्याची बाटलीसुद्धा. टेबलावर ओता. एआरटीचे डॉक्टर बघतील काय कशाशी भांडतंय. साखरेची मेटफॉर्मिन असेल तर तीही दाखवा, डोल्यूटेग्रॅविरसोबत तिची मात्रा दिवसाला एक ग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, नाव न सांगता बोलता येतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते ती हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परत येत नाही. एआरटी स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात, पुढच्या गोळ्या कारखान्याजवळच्या सेंटरवरून घेता येतात. बीपीची स्ट्रिप मात्र पहिल्याच महिन्यात संपते आणि कोप्यावर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, पुन्हा कुणी आणत नाही. मुकादमाला सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागतं. म्हणून निघण्याआधीच दोन्ही गोळ्या सारख्याच दिवसांच्या मागून घ्याव्यात, आणि क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यानं डॉक्टरांना सांगून ठेवावं की मी उन्हात दहा-बारा तास काम करणार आहे. या गोळीनं लघवीवाटे मीठ-पाणी जातं, घामानं आणखी जातं, आणि फडात चक्कर येऊन पडलं तर बाजूला कोयता असतो.

मावशींसोबत आम्ही फार काही केलं नाही. बीपीची गोळी सकाळची बदलून रात्री आठची केली. आठला त्यांचा हात आपोआप डबीकडं जायचाच, आता दोन गोळ्यांकडं जायला लागला. पुढच्या महिन्यात त्या आल्या तेव्हा मी एआरटीच्या गोळ्या मोजल्या, दोन उरल्या होत्या. मग स्ट्रिप मागून घेतली. तिच्यातही दोन. बीपी भरलं १४६/९०. डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली आणि जोडीला टेल्मिसार्टन दिली.

मावशींनी नवी स्ट्रिप उलटीपालटी करून पाहिली. म्हणाल्या, "आता या पण मोजणार का तुम्ही?"